मागच्या माणसाचा पाय

लिपा, नेब्रास्का
२४ ऑगस्ट १९८७

सौ. मार्व्हल सोडरक्विस्ट यांस,

तुमची-माझी ओळख नाही, आणि ती होऊ नये म्हणून आपण दोघींनी इतकी वर्षं बरीच मेहनत घेतली आहे. आता मात्र नाइलाज आहे. तुमच्या डालबीच्या शाळेत खेळण्याजोगी पाच पोरं उरली आणि आमच्या लिपात सहा. आठ जणांचा संघ कोणालाच पुरा पडेना, म्हणून शाळांनी आपलं भांडण गुंडाळून एकच फुटबॉल संघ करायचं ठरवलं. तुमचा निळा, आमचा लाल. दोन्ही मिसळून शर्ट वांग्याच्या रंगाचे झाले आहेत. मी काल पाहिले, आणि दिवसभर मला जेवण गेलं नाही.

मुद्द्याचं लिहिते. सामन्याच्या आदल्या दिवशी, गुरुवारी, मुलांना जेवू घालायचं काम इथे माझ्याकडे आहे आणि तिथे तुमच्याकडे, असं कळतं. तेव्हा एक गुरुवार लिपाचा, एक डालबीचा. जेवण म्हणजे माझी राजमा-खिम्याची तिखट, पातळ चिली आणि दालचिनीचे रोल. यावर चर्चा नाही.

दुसरं. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकलं तर चेंडू आपल्याकडे राहतो, नाहीतर समोरच्याला द्यावा लागतो. मैदानाच्या कडेने दोन माणसं दहा यार्डांची साखळी धरून चालतात, टोकाला एकेक दांडा, आणि कमीजास्त वाटलं की ती साखळी आत नेऊन मोजतात. हे तुम्हाला सांगायला नको, तरी सांगते, कारण १९४६ साली तुमच्या गावाला त्याचा विसर पडला होता. समितीने ठरवलंय की साखळीचं एक टोक लिपाचा माणूस धरेल, एक डालबीचा. आमच्याकडून माझा नवरा स्टॅन. तुमच्याकडून कोण, ते मला कळलं आहे. स्टॅनलाही कळलं आहे. त्यानंतर त्याने कोठाराचं दार तीन वेळा आपटलं.

आपली,
लिबी वोंद्राचेक

---

डालबी
२७ ऑगस्ट

सौ. वोंद्राचेक,

पत्र पोचलं. गुरुवार मान्य. आमच्या गुरुवारी मीटबॉल आणि बटाटे असतील. यावरही चर्चा नाही.

शर्टांबद्दल आपलं एकमत आहे. मला वाटलं नव्हतं की ते इतक्या लवकर होईल.

१९४६ बद्दल. तेव्हा माझं लग्न व्हायचं होतं, पण मी मैदानावर होते. तुमचे यजमान चेंडू घेऊन पळाले, शेवटचा प्रयत्न होता, साखळी आत आणली, चेंडू दांड्यापासून चार बोटं कमी पडला. लिपा हरलं. हार्लनच्या, म्हणजे आज जो माझा नवरा आहे त्याच्या, हातात मागचा दांडा होता. तुमचं गाव म्हणतं की त्याने पाय पुढे सरकवला आणि दांडा पायाबरोबर गेला. आमचं गाव म्हणतं की तुमचे यजमान चार बोटं कमी पळाले. यात आपण दोघींनी चिली शिजवून काही फरक पडणार नाही.

एक सूचना. फोन केला तर बाहेरगावचा दर लागतो, आणि तुमचा फोन स्वयंपाकघरात, सगळ्यांच्या कानांसमोर आहे असं ऐकते. सरावाची बस रोज दोन्ही गावांत फिरते. एर्नी ड्रायव्हर निरोप्या म्हणून विश्वासू आहे, कारण त्याला चष्म्याशिवाय वाचता येत नाही आणि चष्मा तो घालत नाही. बस तो कशी चालवतो हे मी विचारत नाही.

मार्व्हल सोडरक्विस्ट

---

लिपा
६ सप्टेंबर

मार्व्हलबाई,

आपण पहिलाच सामना हरलो, आणि ज्या रीतीने हरलो ते बघून वांग्याचा रंग शोभला म्हणायचा!

तुमचा नातू रॉय मध्ये वाकून चेंडू मागे देतो आणि आमचा डॅरिल तो घेऊन पळतो. एवढं सोपं काम. पण रॉय देतो तेव्हा डॅरिल घेत नाही, डॅरिल हात पुढे करतो तेव्हा रॉय देत नाही. पाच वेळा चेंडू जमिनीवर! मी डॅरिलला विचारलं, तर म्हणतो, "आजी, तो डालबीचा आहे, तो मुद्दाम उशीर करतो." मी म्हटलं, "अरे गाढवा, तो उशीर करतो तर हरतो कोण?" यावर त्याने बराच विचार केला आणि फ्रिज उघडला.

आणि ते दोघे म्हातारे! तुम्ही पाहिलंत का? साखळी दहा यार्डांची म्हणून बरं, सात यार्डांची असती तर मारामारी झाली असती. एकमेकांकडे बघायचं नाही म्हणून दोघे नाकासमोर चालतात आणि साखळी मध्ये ताणली की एकाला हिसका बसतो. तुमचे यजमान दोनदा आडवे होता होता वाचले. स्टॅन घरी येऊन म्हणाला, "मी हिसका दिला नाही. तो हळू चालतो." त्याच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं, ते आमच्या लग्नातही मी पाहिलं नव्हतं.

आता कामाचं. लिपात एक रीत आहे: ज्याच्या हातून चेंडू पडला, त्याने गुरुवारी जेवणानंतर पातेली घासायची. पाच वेळा पडला, तेव्हा दोघेही दोषी. या गुरुवारी जेवण झाल्यावर लगेच बसमध्ये चढायचं नाही, असं रॉयला बजावून ठेवा. माझी चिलीची पातेली जरा करपवून ठेवते.

लिबी

---

डालबी
२६ सप्टेंबर

लिबीबाई,

करपवलेली पातेली चांगली होती. रॉय घरी आला तेव्हा कोपरापर्यंत काळा होता. मी विचारलं, काय बोललात? म्हणाला, "काही नाही." मग झोपायला जाता जाता म्हणाला, "डॅरिलला चेंडू डाव्या हाताकडे द्यावा लागतो. त्याचा उजवा अंगठा लहानपणी मळणीयंत्रात सापडला होता. मला कोणी सांगितलंच नव्हतं."

त्यानंतर तीन सामने झाले. तिन्ही जिंकलो आणि चेंडू एकदाही पडला नाही. तरी दोघे गुरुवारी पातेली घासतात. मी कारण विचारलं नाही. तुम्हीही विचारू नका.

तुम्हाला माहीत नसेल असं एक सांगते. साखळीवाल्यांनी तोंड उघडायचं नसतं. गावची पोरं खेळोत, नातू खेळो, ओरडायचं नाही, टाळी वाजवायची नाही, नाहीतर पंच बाहेर काढतो. हार्लनने हे इतकी वर्षं पाळलं आहे, घरीसुद्धा. परवाच्या सामन्यात डॅरिल पन्नास यार्ड पळाला तेव्हा तुमचे यजमान दांडा हवेत उडवून ओरडले. सगळ्यांनी ऐकलं. पंच तावातावाने आला. तेव्हा हार्लन म्हणाला, "माझा दांडा त्याच्या पायावर पडला. दुखलं असेल." पंच परत गेला.

हार्लन खोटं बोललेला मी पहिल्यांदाच ऐकला. आमच्या पाद्रींना सांगू नका.

मार्व्हल

ता.क. मीटबॉल डॅरिलने अकरा खाल्ले.

---

लिपा
१८ ऑक्टोबर

प्रिय मार्व्हल,

अकरा! इथे येऊन म्हणाला, "बरे होते." ताकाला जाऊन भांडं लपवणारं कार्टं, अगदी आजोबावर गेलंय.

ओळीने सहा जिंकलो ग! काल आमच्या दुकानात डालबीच्या दोन बायका कॉफी प्यायला बसल्या होत्या. छत कोसळलं नाही. मी मुद्दाम वर बघितलं.

तो पायावर दांडा पडल्याचा किस्सा मी स्टॅनसमोर काढला. म्हणाला, "मी त्याला सांगितलं नव्हतं खोटं बोलायला." मी म्हटलं, आभार मान. म्हणाला, "एका दांड्याचे आभार मानले तर चार बोटांचं काय?" पण शुक्रवारी घरून निघताना खसखस भरलेले दोन गोड पाव, आमचे कोलाचे, कागदात गुंडाळून खिशात टाकताना मी त्याला पकडलं. "भूक लागते," म्हणाला. हा माणूस साखळी धरायला जातो तेव्हा पाणीसुद्धा पीत नाही. तुझ्या हार्लनच्या कोटाच्या खिशात खसखस सापडली तर मला कळव.

आता एक विचारते, आणि तू चिडलीस तर तुझ्या पुढच्या गुरुवारी मीटबॉलमध्ये मूठभर मीठ टाकून डॅरिलवर सूड घे. खरंच सांग. हार्लनचा पाय सरकला होता का? मी या माणसाबरोबर संसार केला तो त्या चार बोटांसकट. गव्हाचा भाव पडला तरी चार बोटं, गाय मेली तरी चार बोटं. "ते मोजमाप खरं असतं तर आम्ही राज्याच्या स्पर्धेपर्यंत गेलो असतो." पोरांना गोष्टी सांगायच्या तर राक्षस हार्लनच. मला कोणाचा न्याय करायचा नाही. मला फक्त हे ओझं एकदाचं खाली ठेवायचं आहे, खरं निघो की खोटं.

तुझी,
लिबी

---

डालबी
२९ ऑक्टोबर

प्रिय लिबी,

खसखस सापडली. डाव्या खिशात.

मी चिडले नाही. पण उत्तर माझ्याकडे नाही. मी हार्लनला कधी विचारलं नाही. तो हो म्हणाला असता तर मला त्या होकाराबरोबर जगावं लागलं असतं, आणि नाही म्हणाला असता तर मी विश्वास ठेवतेय की नाही हे तो रोज सकाळी माझ्या तोंडाकडे बघून शोधत बसला असता. म्हणून नाही विचारलं.

त्या सामन्यानंतर कोणीतरी लिपाहून येऊन आमच्या टपालपेटीला एक जुना बूट टांगला. डाव्या पायाचा. मागच्या माणसाचा पाय, म्हणून. हार्लन युद्धावरून परतून वर्ष झालं नव्हतं. तिथे त्याने काय पाहिलं ते तो सांगत नाही, पण त्या बुटाने तो जितका खचला तितका त्यातल्या कशाने खचला नव्हता, असं त्याची आई म्हणायची.

तुला हे माहीत नसेल: हार्लन अकॉर्डियन वाजवायचा. तुमच्या लिपाच्या नाचघरात, दर शनिवारी. डालबीचा स्वीडिश पोरगा लिपाची बोहेमियन नाचाची धून, पोल्का, वाजवतो म्हणून तुमची माणसं हसायची आणि मग नाचायची. मी त्याला तिथेच पहिल्यांदा पाहिलं. बुटानंतर तो लिपात गेला नाही. धान्य विकायलासुद्धा वीस मैल लांबच्या गोदामात जातो. मुलांचे लिपातले सामने सुरू झाल्यापासून तो बसने मैदानापर्यंत येतो आणि मैदानावरूनच परत जातो. अकॉर्डियनची पेटी पलंगाखाली आहे. मी दर वसंतात तिच्यावरची धूळ पुसते आणि तो ते बघत नाही असं दाखवतो.

तुला तुझं ओझं खाली ठेवायचंय. मला एकदा ती पेटी ऐकायची आहे. बाकी राज्याचा करंडक वगैरे पोरांना मिळाला तर मिळू दे.

मार्व्हल

---

लिपा
१५ नोव्हेंबर

प्रिय मार्व्हल,

घोटा कसा आहे? बर्फावरून मीटबॉलचं पातेलं घेऊन धावतात का या वयात? आणि पातेलं वाचवलंस, घोटा मोडलास! एर्नी म्हणाला, प्लास्टर गुडघ्यापर्यंत आहे. उपांत्य सामना तुझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर आणि तू खिडकीत. तुझा हार्लन तुला काही सांगणार नाही, दगडाला पाझर फुटेल एक वेळ. म्हणून मी सांगते.

तेच मैदान, आणि देवाची करणी बघ, तेच टोक. फाटकाजवळचं. शेवटची चार मिनिटं, आपण दोन गुणांनी पुढे. आपला चौथा प्रयत्न. थोडंच अंतर हवं होतं, ते मिळालं की चेंडू आपल्याकडे आणि सामना संपल्यात जमा. रॉयने चेंडू दिला, डॅरिल घुसला, वर सहा जण पडले. उठले तेव्हा पंचाने हात हलवला: साखळी आणा.

या वेळी मागचा दांडा स्टॅनकडे होता. पुढचा हार्लनकडे.

दोन्ही गावं उभी राहिली. सगळे चेंडूकडे बघत होते. पंच चेंडूकडे, पोरं चेंडूकडे. मागच्या माणसाच्या पायाकडे कोण बघतं? मार्व्हल, मी बघत होते. मी एकटी. मला माहीत होतं ना तो काय विचार करत असेल. नुसती टाच मागे घेतली असती, दोन बोटं, तर पुढचा दांडा दोन बोटं अलीकडे आला असता आणि नातू पोचला असता. कोणाला कळलंही नसतं. आणि इतक्या वर्षांचा हिशोब तिथल्या तिथे मिटला असता.

त्याची टाच उचलली गेली. मी शपथेवर सांगते, उचलली गेली. तो चेंडूकडे बघतच नव्हता, खाली स्वतःच्या बुटाकडे बघत होता, पाढा विसरलेलं पोर वहीकडे बघतं ना, तसा. आणि मग टाच खाली आली. जिथून उठली होती तिथेच.

डॅरिल अंगठाभर कमी पडला. चेंडू गेला.

पुढचं तू ओरडण्यावरून ओळखलंच असशील. समोरचे आपल्या टोकापर्यंत आले आणि रॉय त्यांच्या हातून निसटलेल्या चेंडूवर जाऊन असा पडला की उठेचना. जिंकलो. आता शुक्रवारी लिंकनला अंतिम सामना! पण लिपाचे लोक स्टॅनजवळून जाताना म्हणत होते, "सख्ख्या नातवाला कमी मोजलंस, स्टॅन? जरा सढळ हाताने धरायचं होतं." आपलेच दात अन् आपलेच ओठ. आणि आज सकाळी आमच्या टपालपेटीला कोणीतरी बूट टांगलाय. उजव्या पायाचा.

स्टॅन तो काढत नाहीये. खुर्ची ओढून खिडकीशी बसलाय आणि बघतोय. मी हाक मारली तर एवढंच म्हणाला, "लिबी, हे इतकं लागतं, मला माहीत नव्हतं."

तुझी लिबी

---

डालबी
१६ नोव्हेंबर

लिबी,

घाईत लिहिते. एर्नी दारात हॉर्न वाजवतोय.

तुझ्या पत्रातला बुटाचा भाग मी हार्लनला वाचून दाखवला. फक्त तेवढाच. तो उठला. कोठारात गेला आणि खिळ्यावरचा तो जुना बूट घेऊन आला. हो, त्याने ठेवला होता. मला वाटलं होतं, कधीच जाळला असेल. बूट पिशवीत घातला, टोपी घातली, पिकअप काढली. फाटकातून डावीकडे वळला. डावीकडे फक्त लिपा आहे.

मी प्लास्टर घेऊन खिडकीत उभी आहे. काय झालं ते लगेच कळव.

मार्व्हल

---

लिपा
त्याच दिवशी

मार्व्हल,

एर्नी चहा पितोय तेवढ्यात लिहिते, त्याला तिसरा रोल दिलाय.

हार्लन आला. टपालपेटीजवळ गाडी थांबवली, उतरला, टांगलेला बूट काढला आणि उभा राहिला. आमचा खिडकीतला पुतळा उठला आणि कोट न घालता बाहेर गेला, एवढ्या थंडीत! मी दार किलकिलं ठेवलं, नाहीतर ऐकू कसं येणार?

हार्लन म्हणाला, "उजवा आहे."

स्टॅन म्हणाला, "हं."

हार्लनने पिशवीतून त्याचा बूट काढला. "माझ्याकडे डावा होता. जोड झाली."

स्टॅनने दोन्ही हातात घेतले, उलटेसुलटे केले. "मापात फरक आहे," म्हणाला.

"चालायचं थोडंच आहे," तुझा नवरा म्हणाला.

मग दोघे रस्त्याकडे बघत उभे राहिले, जणू रस्त्यावर सामना चालू होता. शेवटी स्टॅन म्हणाला, "लिंकनला शुक्रवारी कसा जाणारेस?"

"ठरवलं नाही."

"माझ्या गाडीत जागा आहे."

झालं. एवढंच. मी दाराआड ढसाढसा रडले आणि माझे रोल करपले. बूट दोन्ही आमच्या पायरीवर ठेवलेत. स्टॅन म्हणतो, उन्हाळ्यात त्यांत फुलझाडं लावायची.

लिबी

---

लिपा
२१ नोव्हेंबर

प्रिय मार्व्हल,

जिंकलो! जिंकलो! रेडिओवर तू ऐकलंच असशील, पण रेडिओवाल्याने निम्मं सोडलं. खरा सामना माझ्या डाव्या हाताला चालू होता.

आधी हे सांगते: आमच्या वेशीवर कोणीतरी पाटी लावली होती, "शेवटी जाणाऱ्याने गावचे दिवे मालवावेत." डालबीच्या वेशीवर पाटी होती, "दिवे राहू द्या, मार्व्हल घरी आहे." ती रॉयने लिहिली. मला डोळे पुसायला गाडी थांबवावी लागली. हो, माझी गाडी. स्टॅनने मला त्याच्या गाडीत घेतलं नाही. "जागा नाही," म्हणाला. पुढे ते दोघे बसले, मागे पिंप, दोरखंड आणि कुत्र्याची चादर. मी बायकांबरोबर गेले.

लिंकनच्या मैदानाची स्वतःची साखळीवाली माणसं. आपल्या दोघांना आयुष्यात पहिल्यांदा बाकावर बसावं लागलं. हात कुठे ठेवायचे तेच कळेना! बसले तेसुद्धा मध्ये दहा यार्ड सोडून, सवयीने. मधल्या जागेत दोन्ही गावं बसली. हाफटाइमला कोणी कॉफीला उठलं, कोणी कुठे, आणि तिसऱ्या क्वार्टरला बघते तर दोघे खांद्याला खांदा लावून. टाळी वाजवायची मुभा होती तरी तोंडं शिवलेली. डॅरिलने चेंडू शेवटच्या रेषेपार नेऊन टचडाउन केलं तेव्हा हार्लनने टोपी काढली आणि परत घातली. मला वाटतं, त्याच्या मते तो बेभान झाला होता.

आणि मग शेवटी, आपण तीन गुणांनी पुढे आणि चेंडू त्यांच्याकडे. चौथा प्रयत्न. ढीग पडला, ढीग उठला, पंचाने हात हलवला. साखळी!

सगळं मैदान गप्प. आणि त्या शांततेत आपले दोन्ही म्हातारे एकदम ताडकन उभे राहिले आणि घसा फाडून, एका सुरात ओरडले:

"मागच्याचा पाय बघा!"

हजारो माणसं वळून बघायला लागली, मार्व्हल. पंचसुद्धा वळला. तो मागचा दांडा धरलेला बिचारा माणूस तर असा दचकला की स्वतःच्या पायाकडे बघत राहिला. दोघांनी एकमेकांकडे बघितलं, आणि मी स्टॅनला इतकं हसताना पाहिलं नाही कधी. हार्लन तर बाकावर बसून टोपीत तोंड घालून हसत होता. खांदे गदागदा हलत होते. मोजमाप झालं ते दोघांनी बघितलंच नाही! एक नखभर कमी पडला होता त्यांचा. चेंडू आपल्याला, करंडक आपल्याला. डॅरिलने रॉयला उचललं, रॉय डॅरिलपेक्षा चाळीस पौंड जास्त, दोघेही पडले. वांग्याच्या रंगाची ती पोरं बघून मला पहिल्यांदा वाटलं, रंग तसा वाईट नाही.

त्या मागच्या माणसाच्या टपालपेटीला आज बूट लागला असेल, बिचारा.

आता तू सांग. परत येताना गाडीत दोघांचं काय बोलणं झालं? तीन तासांचा रस्ता. स्टॅन घरी येऊन गुणगुणत झोपला आणि सकाळपासून विचारतेय तर म्हणतो, "हवापाण्याचं बोललो." मी या माणसाला ओळखते. त्याने विचारलंय, मार्व्हल. नक्की विचारलंय.

तुझी लिबी

---

डालबी
२३ नोव्हेंबर

प्रिय लिबी,

सराव संपला, बस थांबली, म्हणून तिकीट लावून टपालाने पाठवतेय. बावीस सेंट लागले. वसूल होतील असं लिहिते.

हार्लनने घरी येऊन मला सगळं सांगितलं. बसूनसुद्धा घेतलं नाही, टोपी हातातच. इतकं तो आमच्या लग्नात बोलला नव्हता.

अर्धा रस्ता संपला. मग तुझे यजमान म्हणाले, "हार्लन, त्या दिवशी डालबीत माझी टाच उचलली गेली होती. मला दोन बोटं मागे घ्यायची होती."

हार्लन म्हणाला, "मला माहीत आहे. साखळीला मागे ओढ बसली होती. मग ती ओढ सुटली. पुढच्या टोकाला कळतं."

"तू बोलला नाहीस."

"सुटली ना परत."

मग स्टॅननी विचारलं. सरळ. "सेहेचाळीस साली तुझा पाय सरकला होता का?"

हार्लन म्हणतो, त्याने खूप आठवून बघितलं. नेहमी बघतो. बर्फ नव्हता, ऊन होतं, डोळ्यांवर हात धरला होता. आणि मग त्याने तुझ्या नवऱ्याला ते उत्तर दिलं जे मी कधी विचारलं असतं तर मला मिळालं असतं, आणि मी इतकी वर्षं भीत बसले. तो म्हणाला:

"स्टॅन, मला माहीत नाही. मी चेंडूकडे बघत होतो. तू पोचावास असं मला वाटत होतं. काय पळाला होतास!"

तुझ्या यजमानांनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. इंजिन बंद केलं. हार्लनला वाटलं, आता उतरवतोय. पण ते नुसते बसून राहिले, दोन्ही हात चाकावर. मग म्हणाले, "कोणी बघितलं का रे मी कसा पळालो ते, असं मला कायम वाटायचं. सगळे त्या चार बोटांबद्दलच बोलतात."

आणि गाडी सुरू करता करता म्हणाले, "शनिवारी आमच्या नाचघरात पोरांसाठी नाच आहे. पेटी घेऊन ये."

लिबी, काल दुपारी जेवण झाल्यावर त्याने पलंगाखालून पेटी काढली. दोन पट्ट्या फाटल्या आहेत, आणि एक सूर मेंढीसारखा ओरडतो. त्याने तुमचा पोल्का वाजवला, अर्ध्यावर अडकला, परत पहिल्यापासून वाजवला. मी स्वयंपाकघरात बटाटे सोलत होते. एकही नीट सोलला गेला नाही.

आम्ही शनिवारी येतोय. मीटबॉल मी आणते, चिली तू कर, आणि यावर आता चर्चा झाली तरी चालेल. माझ्यासाठी मात्र पेटीजवळ एक खुर्ची राखून ठेव. प्लास्टर अजून महिनाभर आहे, तेव्हा माझा पाय जागचा हलणार नाही, आणि या वेळी दोन्ही गावांनी खुशाल त्याच्याकडे बघत बसावं.

तुझी,
मार्व्हल